अण्णांच्या संगणकाची नोंदवही: उबुंटू माटे २२.०४ वरून २४.०४ (सोलापूर, मे २०२५)

आधी थोडी पार्श्वभूमी, म्हणजे पुढच्या नोंदी कळतील. उबुंटू ही विंडोजसारखी संगणकाची सिस्टीम, माटे तिचं एक रूप, २२.०४ आणि २४.०४ तिच्या आवृत्त्या.

हा संगणक माझ्या मामांचा. अख्खी गल्ली त्यांना अण्णा म्हणते, म्हणून मीही. चाळीसेक वर्षं अशोक चौकाच्या मागच्या यंत्रमागांवर जॉबर, म्हणजे माग जुळवणारे-दुरुस्त करणारे कारागीर होते. काचबिंदूने दृष्टी गेली त्याला आता नऊ वर्षं झाली. रोज सकाळी ते संगणकावर माग दुरुस्तीची माहिती टाइप करतात: धोटा का उडतो, कांडी का तुटते, फणी कधी बदलायची. दीडशे पानं झालीत. ओर्का नावाचा स्क्रीन रीडर ईस्पीकच्या मराठी आवाजात पडद्यावरचं वाचून दाखवतो आणि अण्णा तो इतक्या वेगाने ऐकतात की मला एक शब्द कळत नाही.

म्हणजे या घरात आवाज गेला की संगणकच गेला. आपण निदान पडद्यावरची चूक वाचू शकतो.

यंत्र जुनं आहे. चौथ्या पिढीचा आय-थ्री, एच ८१ मदरबोर्ड, ८ जीबी रॅम. २४० जीबीच्या एसएसडीवर सिस्टीम आणि ५०० जीबीची मूळ हार्ड डिस्क साठवणीला. एसएसडी मी २०२३ मध्ये बसवली, हार्ड डिस्कची सिस्टीम तिच्यावर क्लोन करून, म्हणजे जशीच्या तशी उतरवून. मग हार्ड डिस्क फॉरमॅट केली आणि आतच ठेवली. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे सगळं यावरच फिरणार आहे.

अपग्रेड का? उबुंटूच्या मुख्य एलटीएस (दीर्घ मुदतीच्या) आवृत्तीला ५ वर्षं अपडेट मिळतात, पण माटेसारख्या भावंडांना ३. माटे २२.०४ ची मुदत एप्रिल २०२५ मध्ये संपली.

कमांड आणि फाइलींची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत, कारण मजकुरात मध्येच इंग्रजी आलं की अण्णांच्या ओर्काचा सूर बदलतो आणि ते वैतागतात. टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.

१ मे, गुरुवार

महाराष्ट्र दिनाची सुट्टी. सकाळी साडेआठला अण्णांकडे पोचलो. त्यांचा होम फोल्डर आधी पेनड्राइव्हवर घेतला. संपूर्ण खटाटोपात मी पहिल्या फटक्यात बरोबर केलेलं काम हे एवढंच.

‘सुडो डू-रिलीज-अपग्रेड’ दिलं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर डाउनलोडला अडीच तास गेले, बसायला दीड तास. मध्ये तीनदा विचारलं की अमुक सेटिंगची फाइल तुम्ही बदललेली आहे, जुनी ठेवू की नवी घालू. तिन्हींना जुनी ठेव म्हटलं. एकही लाल ओळ नाही. मामींनी ताट वाढलं होतं, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. जेवण आटोपलं आणि दोन वाजता रीस्टार्ट केलं.

काळा पडदा. एक ओळ: ग्रबच्या (संगणक चालू होताना सिस्टीमला उठवणाऱ्या प्रोग्रामच्या) आतल्या कुठल्याशा सिम्बॉलचं नाव आणि पुढे ‘नॉट फाउंड’. खाली ‘ग्रब रेस्क्यू’ आणि लुकलुकणारा कर्सर.

अण्णा खुर्चीत टेकून ओर्काच्या पहिल्या वाक्याची वाट बघत होते. पाच मिनिटांनी म्हणाले, "काय बे, मुकं झालं का?"

"बघायलोय अण्णा. जरा थांबा."

फोनवर शोधून रेस्क्यूचा नेहमीचा उपाय केला. ‘सेट प्रीफिक्स’ने ग्रबच्या फोल्डरचा पत्ता द्यायचा, मग ‘इन्समॉड नॉर्मल’. पत्ता दिला, तीच चूक. सगळी विभाजनं एकेक करून दिली, तीच चूक. संध्याकाळी सहापर्यंत हेच. आज कळतंय की तो उपाय ग्रबला स्वतःचं फोल्डर सापडत नसेल तेव्हाचा. इथे फोल्डर सापडत होतं, फक्त आतला माल दुसऱ्या आवृत्तीचा होता.

गेलेला वेळ: पूर्ण दिवस.

२ मे, शुक्रवार

एमआयडीसीतून सुटून साडेसातला पुन्हा अशोक चौक. ऑफिसातच लाइव्ह पेनड्राइव्ह (डिस्कला हात न लावता ज्यावरूनच उबुंटू चालू होतं) करून ठेवला होता, पण तो लिहिताना दोनदा फसला. ३२ जीबी लिहिलेला स्वस्तातला पेनड्राइव्ह प्रत्यक्षात तेवढा नसावा. नवा घेतला, ४२० रुपये.

लाइव्हमधून चालू केलं. एसएसडी शाबूत, अण्णांची फाइल शाबूत, जीव भांड्यात पडला. मग सिस्टीम माउंट करून ‘सीएचरूट’ने आत शिरलो आणि ओळीने दोन चुका केल्या.

चूक एक: ‘अपडेट-ग्रब’ चालवलं आणि खूश झालो. ही कमांड फक्त मेनूची यादी नव्याने लिहिते. डिस्कच्या सुरुवातीला बसलेल्या ग्रबच्या मूळ तुकड्याला ती हातही लावत नाही.

चूक दोन: ‘ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीए’. प्रत्येक उत्तरात एसडीए (सिस्टीमच्या लेखी पहिली डिस्क) लिहिलेलं असतं म्हणून मीही तेच लिहिलं. उत्तर आलं की इन्स्टॉलेशन पूर्ण, एकही चूक नाही. रीस्टार्ट. तोच काळा पडदा.

एकही चूक नाही म्हणतो आणि चालत नाही, यासारखा संताप आणणारा प्रकार नाही. रात्री साडेअकराला नाद सोडला. आभाळ गडगडत होतं. वळवाच्या भीतीने मामींनी भिंतीतला प्लगच उपसून ठेवला. त्या प्लगने माझं काम केलं, पण ते दुसऱ्या दिवशी कळलं.

३ मे, शनिवार

सकाळी प्लग लावून चालू केलं तर बायॉसची (मदरबोर्डवरच्या, ग्रबच्याही आधी चालणाऱ्या प्रोग्रामची) तक्रार: घड्याळ चुकलंय, एफ १ दाबा. तारीख १ जानेवारी २०१४. मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपला होता. प्लग कायम लावलेला असायचा म्हणून इतके दिवस कळलं नव्हतं. एफ १, मग एफ १० दाबून बाहेर आलो आणि ग्रबचा मेनू आला! उबुंटू चालू. आवाज नव्हता, पण डेस्कटॉप डोळ्यांसमोर होता.

मी आनंदात बायॉसमध्ये जाऊन घड्याळ लावलं आणि जाताजाता बूटचा क्रम ‘नीट’ केला, एसएसडी पहिली. रीस्टार्ट. ग्रब रेस्क्यू.

डोकं धरून बसलो. अण्णा म्हणाले, "मघाशी चाललं तेव्हा सुरुवातीलाच कर्र केलं होतं त्यानं. आता नाही केलं."

"काय कर्र?"

"ती जुनी डिस्क रे. रोज नुसती फिरते, गप असते. मघाशी आधी ती बोलली."

मी तीन दिवस पडद्याकडे बघत होतो आणि या माणसाने खुर्चीतून निदान केलं. मागावर असताना पलीकडच्या रांगेतला धोटा नीट बसत नाही हे ते आवाजावरून सांगायचे असं ऐकून होतो. आज अनुभव आला.

मग डिस्कांची यादी दाखवणारं ‘एलएसबीएलके’ चालवलं. माझ्याकडे एसडीए म्हणजे जुनी हार्ड डिस्क आणि एसडीबी म्हणजे एसएसडी. हार्ड डिस्कची केबल पहिल्या पोर्टला आहे, एसएसडीची दुसऱ्या, एवढंच कारण. आता घडलेलं सगळं सुतासारखं सरळ झालं:

ग्रब-पीसी या पॅकेजने ग्रब कुठल्या डिस्कवर बसवायचा हे मूळ इन्स्टॉलच्या वेळी लिहून ठेवलं होतं, डिस्कच्या मॉडेल आणि सिरियल नंबरासकट. मी क्लोन केलं तेव्हा ती टिपणही क्लोन झाली. त्यामुळे अपग्रेडमध्ये नवा ग्रब इमानेइतबारे जुन्या हार्ड डिस्कच्या सुरुवातीला बसला. फॉरमॅट विभाजनाचं होतं, डिस्कच्या सुरुवातीची जागा तशीच असते, म्हणून त्यालाही काही खटकलं नाही. एसएसडीच्या सुरुवातीला २२.०४ चा ग्रब राहिला, आणि एसएसडीवरच्या बूट फोल्डरात मात्र २४.०४ ची मॉड्यूल्स (ग्रबचे उरलेले तुकडे) आली. डोकं जुनं, हातपाय नवे. म्हणून सिम्बॉल सापडत नव्हतं. जुन्या डिस्कवरून सुरू केलं की नव्या ग्रबला नवी मॉड्यूल्स मिळत होती. काल रात्री मी एसडीए लिहून तिथेच पुन्हा एकदा तो बसवला होता.

सेल संपला, बायॉस क्रम विसरला, जुनी डिस्क पहिली आली, म्हणून मार्ग दिसला. मामींनी प्लग उपसला नसता तर मी रविवारी सगळं पुसून नव्याने टाकलं असतं.

उपाय असा. बायॉसच्या बूट मेनूतून (या बोर्डावर एफ ११) जुनी डिस्क निवडून सिस्टीम चालू केली. लाइव्ह पेनड्राइव्ह लागलाच नाही. मग:

सुडो ग्रब-इन्स्टॉल /डेव्ह/एसडीबी
सुडो डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-पीसी

दुसरी कमांड विसरू नका. पहिलीने आजचं भागतं, पण पॅकेजची जुनी टिपण तशीच राहते आणि पुढच्या ग्रब अपडेटला हेच रामायण पुन्हा. यादीत स्पेसबारने हार्ड डिस्कवरची खूण काढली, एसएसडीवर केली. आख्खी डिस्क निवडायची, तिचं विभाजन नाही. आणि एसडीए-एसडीबी माझं बघून लिहू नका, स्वतःचं तपासा.

नवीन सेल ३० रुपये. क्लोन करून एसएसडीवर गेलेल्या प्रत्येकाने अपग्रेडच्या आधी ती दुसरी कमांड चालवावी असं माझं मत झालंय. दोन मिनिटांचं काम.

४ मे, रविवार

आता आवाज. सेटिंगमध्ये आउटपुट एकच, ‘डमी आउटपुट’. म्हणजे आवाज कुठे टाकायचा हे सिस्टीमला माहीत नाही.

कार्ड जिवंत आहे का ते आधी बघितलं. ‘एप्ले -एल’ने दोन्ही कार्डं दाखवली: ० वर एचडीएमआय, १ वर मदरबोर्डचं, ज्याचं नाव पीसीएच. मग मधले सगळे थर वगळून थेट कार्डावर: ‘स्पीकर-टेस्ट -सी २ -टी वेव्ह -डी प्लगएचडब्ल्यू:पीसीएच’. स्पीकरमधून बाई बोलली, फ्रंट लेफ्ट, फ्रंट राइट. तीन दिवसांनी घरात संगणकाचा आवाज. स्वयंपाकघरातून मामींनी विचारलं, कोण आलंय?

म्हणजे कार्ड, ड्रायव्हर, वायर, स्पीकर सगळं ठीक. घोटाळा वरच्या थरात. २२.०४ मध्ये आवाजाची व्यवस्था पल्सऑडिओकडे होती, २४.०४ मध्ये ती पाइपवायरकडे आली. मी पाइपवायर, पाइपवायर-पल्स, वायरप्लंबर (पाइपवायरचा कारभारी) तिन्ही पॅकेजं पुन्हा टाकली. दोनदा. काही फरक नाही. दुपार गेली.

चारच्या चहाला सुचलं की नवा यूजर बनवून बघावं. बनवला, त्यातून लॉगिन केलं, आवाज आला. म्हणजे सिस्टीम ठीक, बिघाड अण्णांच्या होम फोल्डरात. पॅकेजं पुन्हा टाकून होम फोल्डरातलं काही बदलत नाही, म्हणून ती दुपार पाण्यात गेली.

‘सिस्टिमसीटीएल --यूजर स्टेटस पाइपवायर’ चालवल्यावर एका शब्दात उत्तर: मास्क्ड. कुणीतरी पाइपवायरला या यूजरपुरतं कुलूप लावलं होतं.

कुणीतरी म्हणजे मीच. २०२३ मध्ये काहीतरी खरखर येत होती, तेव्हा कुठेतरी वाचून पाइपवायर मास्क केलं होतं. तेव्हा आवाज पल्सऑडिओ बघत होता, त्यामुळे काही बिघडलं नाही. खरखर त्याने थांबली होती की स्पीकरची पिन फिरवल्याने, तेही आठवत नाही. नोंद ठेवली नव्हती. ही वही त्यामुळेच.

सिस्टिमसीटीएल --यूजर अनमास्क पाइपवायर.सॉकेट पाइपवायर.सर्व्हिस

लॉगआउट, लॉगिन. डमी आउटपुट गेलं, खरं आउटपुट आलं, आणि तरी शांतता. या वेळी दहाच मिनिटं लागली: पाइपवायरने कोरी पाटी घेऊन एचडीएमआय निवडलं होतं. माझ्यासाठी ठेवलेल्या मॉनिटरला स्पीकर नाहीत, आणि ओर्का बिचारा त्यालाच वाचून दाखवत होता. पाव्हूकंट्रोल या आवाजाच्या सेटिंगच्या प्रोग्रामच्या शेवटच्या टॅबमध्ये एचडीएमआय कार्डाचं प्रोफाइल ‘ऑफ’ केलं.

ओर्का बोलला. अण्णांनी न बोलता कीबोर्ड पुढे ओढला.

६ मे, मंगळवार

अण्णांचा फोन दुपारी, ऑफिसात. "बोलतंय, पण तोतरं झालंय. धोटा म्हणायचं तर नुसतं टा. कांडीचं डी. आणि दर वेळी आधी टक्."

फोनवरून काय करणार. शनिवारी येतो म्हटलं.

"शनिवारपर्यंत मी टा-टा ऐकू का?"

एसएसएच (दुरून संगणकात शिरायची सोय) चालू असतं तर घरूनच बघितलं असतं. तेही राहूनच गेलंय.

१० मे, शनिवार

तोतरेपणाचा नियम अण्णांनीच शोधून ठेवला होता: सलग बोलत असेल तर ठीक, चार-पाच सेकंद गप्प राहून पुन्हा बोललं की पहिलं अक्षर खातं. अगदी बरोबर. वायरप्लंबर ५ सेकंद आवाज नसला की कार्डाला झोपवतो. उठायला क्षणभर लागतो, तेवढ्यात अक्षर निघून जातं. गाणी ऐकणाऱ्याला हे कळतही नाही. स्क्रीन रीडर मात्र एकेक शब्दच बोलतो आणि मध्ये थांबतो.

झोपवणारे दोन आहेत, दोघांनाही अडवावं लागलं.

पहिला ड्रायव्हर. /ईटीसी/मॉडप्रोब.डी मध्ये एक नवी फाइल करून एकच ओळ: ‘ऑप्शन्स एसएनडी_एचडीए_इंटेल पॉवर_सेव्ह=०’. रीस्टार्ट केल्यावर टक् गेलं. अक्षर अजून खातच होतं.

दुसरा वायरप्लंबर, आणि इथे मी अडीच तास घातले. सापडलेल्या बहुतेक उत्तरांत ‘.कॉन्फ’ फाइल बनवायला सांगतात. बनवली, काडीचा फरक नाही. नाव बदललं, जागा बदलली, फरक नाही. शेवटी आवृत्ती बघितली: २४.०४ बरोबर वायरप्लंबर ०.४ येतो. त्याची सेटिंग लुआ भाषेतल्या फाइलींत असते. कॉन्फ फाइलींची पद्धत ०.५ पासूनची. ०.४ त्या फाइलींकडे बघतही नाही आणि तक्रारही करत नाही. उत्तर वाचताना आधी आपली आवृत्ती बघायची हे मला पन्नासदा माहीत आहे आणि मी ते पन्नासदा विसरतो.

बरोबर पद्धत: /यूएसआर/शेअर/वायरप्लंबर/मेन.लुआ.डी मधली ‘५०-अल्सा-कॉन्फिग.लुआ’ ही फाइल /ईटीसी/वायरप्लंबर/मेन.लुआ.डी मध्ये कॉपी करायची (फोल्डर नसेल तर बनवायचं). तिच्यात ‘सेशन.सस्पेंड-टाइमआउट-सेकंड्स’ असलेली ओळ शोधायची, तिच्यापुढच्या दोन आडव्या रेघा काढायच्या आणि ५ च्या जागी ० लिहायचा.

दोन रेघा. मी एक काढली. वायरप्लंबरला फाइल कळेना, तो पडला, डमी आउटपुट परत. अर्धा तास मला वाटत राहिलं की जुनं कुलूप परत आलं. ‘जर्नलसीटीएल --यूजर -यू वायरप्लंबर’मध्ये ओळीचा नंबर दिलेला होता. दुसरी रेघ काढली.

अण्णांनी आपली फाइल उघडली. धोटा. कांडी. फणी. पूर्ण. रात्री हेडफोन लावून साडेअकरापर्यंत ऐकत बसले होते असं मामी म्हणाल्या. माझ्याशी बोलताना त्यांनी एवढंच विचारलं की आता हे परत कधी अपग्रेड करणार आहेस. सूर काळजीचा होता.

११ मे, रविवार

सकाळी सातला फोन. पुन्हा मुकं.

गाडी काढली. जुळे सोलापूर ते अशोक चौक, वाटेत स्वतःलाच शिव्या. लुआ फाइल पाहिली, ठीक. मास्क नाही. एचडीएमआय बंदच. वायरप्लंबर चालू. काल केलेलं सगळं उलटं करून पाहिलं. अकरापर्यंत हेच.

पाव्हूकंट्रोलमध्ये पोर्टच्या यादीकडे लक्ष गेलं: ‘हेडफोन्स, प्लग्ड इन’. हेडफोन तर खुंटीला लटकत होते.

पुढच्या जॅकमध्ये एक बारीक स्विच असतो, पिन घातली की तो कार्डाला कळवतो आणि कार्ड मागचे स्पीकर बंद करतं. अल्सामिक्सरमध्ये (थेट कार्डाच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये) ‘ऑटो-म्यूट मोड’ म्हणून दिसतं ते हेच. रात्री अण्णांनी हेडफोन लावले, काढले, आणि स्विच अडकूनच राहिला. अपग्रेडशी याचा काडीचाही संबंध नाही. पण दहा दिवस सॉफ्टवेअरच्या मागे धावल्यावर माणूस जॅककडे बघत नाही.

कॅबिनेट उघडलं. शेजारी दोन्ही बाजूंना माग आहेत. आत कापसाच्या तंतूंची गादीच. पंख्यावर, रॅमवर, आणि पुढच्या जॅकच्या मागे तर बोळाच. ब्लोअर मारला. लाकडी टूथपिकच्या टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून जॅक आतून पुसला तर हिरवट काळं काहीतरी आलं. स्विच मोकळा झाला. शिवाय अल्सामिक्सरमध्ये ऑटो-म्यूट ‘डिसेबल्ड’ करून ‘सुडो अल्सासीटीएल स्टोअर’ दिलं. आता हेडफोन लावले तरी स्पीकर चालू राहतात. अण्णांना चालतं, मामींना रात्री चालत नाही. स्पीकरला स्वतःचं बटण आहे, ते दाबतात.

ब्लोअर शेजारच्या मागवाल्याकडून, फुकट. अल्कोहोलची बाटली १४० रुपये.

साफसफाईच्या ओघात जुन्या हार्ड डिस्कची केबल काढली. एवढं नाटक केलंय, जाऊ दे घरी. चालू केलं आणि दीड मिनिट काही नाही, मग ‘इमर्जन्सी मोड’. एफस्टॅबमध्ये (चालू होताना जोडायच्या डिस्कांच्या यादीत) त्या डिस्कची ओळ होती. सिस्टीम ९० सेकंद तिची वाट बघते आणि मग हात वर करते. बंद केलं, केबल परत लावली, त्या ओळीत डिफॉल्ट्सच्या पुढे स्वल्पविराम देऊन ‘नोफेल’ लिहिलं आणि मग केबल काढली. सरळ चालू झालं. अंगाशी आलेल्यांपैकी सगळ्यात स्वस्त चूक ही.

१४ मे, बुधवार

दहा दिवसांत एक गोष्ट मला खुपत होती. दर वेळी अण्णांना कळायचं ते एवढंच की बोलत नाही. ग्रबमध्ये अडकलंय, कर्नलमध्ये (सिस्टीमच्या गाभ्यात) अडकलंय की सगळं चालू असून फक्त आवाज नाही, तिन्ही त्यांच्यासाठी एकच शांतता. फोनवर सांगणार काय?

मदरबोर्डवर स्पीकर लिहिलेल्या चार पिना असतात, हल्लीच्या कॅबिनेटमध्ये त्या रिकाम्याच असतात. नवी पेठेत दोन दुकानांत नाही मिळाला, तिसऱ्याने खोक्याच्या तळातून बझर काढून दिला, २५ रुपये. लावल्यावर चालू करताच बायॉसचा एक बीप.

आणि /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब या फाइलीत अगदी खाली एक ओळ झोपलेली असते: ‘ग्रब_इनिट_ट्यून’, पुढे अवतरणात ४८० ४४० १. पुढचं हॅशचं चिन्ह काढायचं आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’. मेनू आला की बझरमधून सूर वाजतो. पहिला आकडा लय, मग जोडीजोडीने सूर आणि मात्रा. ४४० ला बायॉसच्या बीपपासून वेगळा ओळखता येईना म्हणून अण्णांच्या फर्माइशीने दोन सूर केले: ४८० ४४० १ ६६० १.

त्याच फाइलीत ‘ग्रब_रेकॉर्डफेल_टाइमआउट=३’ ही ओळही घातली. बूट अर्धवट राहिलं की पुढच्या वेळी ग्रब मेनूवर ३० सेकंद थांबतो. डोळ्यांना ते मोजणारे आकडे दिसतात, कानाला ती अर्ध्या मिनिटाची धास्ती असते.

आता फोनवरची भाषा ठरली. बीप नाही: वीज किंवा मदरबोर्ड. बीप आहे, दोन सूर नाहीत: ग्रब. रेस्क्यूमध्ये सूर वाजत नाहीत, कारण तिथवर सेटिंगची फाइल वाचलीच जात नाही. सूर आहेत, ओर्का नाही: त्यापुढचं काहीतरी, आणि मग मी गाडी काढायची.

१८ मे, रविवार

मुद्दाम परीक्षा घेतली. अण्णांना न सांगता बूट मेनूतून लाइव्ह पेनड्राइव्ह निवडला. बीप झाला, सूर नाहीत. "हे आपलं नाही," अण्णा लगेच म्हणाले, "दुसरं कायतरी घातलंयस तू."

हिशेब: पेनड्राइव्ह ४२०, सेल ३०, अल्कोहोल १४०, बझर २५. एकूण ६१५ रुपये, पेट्रोल धरलं नाही. वेळ तीसेक तास, त्यातले पंचवीस माझ्या २०२३ मधल्या दोन कामांपायी.

उरलेली कामं: एसएसएच चालू करणं. जुन्या डिस्कवरची भजनं उतरवून घेणं. जॅकवर कापूस जाऊ नये म्हणून रबरी बूच. नवी पेठेत मिळालं नाही, मामींनी तूर्त खोडरबर कापून बसवलंय.

२३ मे, शुक्रवार

रात्री नऊला अण्णांचा फोन. अपडेट आलं होतं, ओर्काने वाचून दाखवलं, त्यांनी स्वतःच होय म्हटलं आणि रीस्टार्ट केलं. मला न विचारता.

"मग?"

"मग काय. बीप. टूं-टीं. बोललं."

"नवा कर्नल असेल."

"असेल. ते ‘बीम’मधली वेलांटी ईस्पीक नीट म्हणत नाही, ते कुठं बदलायचं सांग."